नवीन लॅपटॉप मागवायचाय: आत्ता कशावर पैसे घालायचे, मागाहून काय टाकता येतं? (सोलापूर)

टेरीटॉवेल

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. ऑफिस मी बघते. टॅली, जीएसटी, पार्ट्यांचे मेल, जकार्डच्या डिझाइन फाइली, सॅम्पलचे फोटो, सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं. तो आता बदलायचाच आहे. विंडोज ११ त्यावर बसत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँक आणि जीएसटी पोर्टल ज्या मशीनवर उघडतो ते असं ठेवणं मला पटत नाही.

बजेट ७५ हजार, जीएसटी धरून. थोडंफार वर-खाली चालेल. कंपनीच्या साइटवर ऑर्डर करायला बसले तर पायरीपायरीला विचारणा: प्रोसेसर वाढवायचा का, रॅम १६ करायची का, स्क्रीन चांगली हवी का, वॉरंटी तीन वर्षांची करायची का. सगळीकडे हो म्हटलं की आकडा लाखावर जातो. नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, "मॅडम, आय सेव्हन घ्या, बाकी काही बघू नका." धाकटा भाऊ कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री आणि रविवारी लॅपटॉप त्याच्याकडे असतो. त्याचं म्हणणं, ग्राफिक्स कार्ड हवंच.

मला नेमकं एवढंच हवंय: यातलं काय आत्ताच घ्यायला हवं आणि काय मागाहून टाकता येतं? पाच-सहा वर्षं तरी वापरायचाय.

कडकभाकरी

सगळ्यात आधी सर्व्हिस सोलापुरात मिळते का ते बघा की ओ. बाकीचं नंतर. कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकला की कळतं. आमच्या पाहुण्यांचा लॅपटॉप वॉरंटीत असून पिशवीत घालून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला न्यावा लागला, आणि आणायला परत एक चक्कर.

जुनीमिल

ताई, प्रश्न बरोबर विचारलात. ऑर्डर करताना पैसे तिथं घाला जिथं नंतर हात घालता येत नाही.

प्रोसेसर बोर्डावर कायमचा बसवलेला असतो, तो विषय संपला. स्क्रीन फुटली तर तशीच दुसरी बसवता येते, पण वेगळ्या प्रतीची बसवायची म्हटलं की केबल, कनेक्टर, जाडी सगळं जुळायला लागतं. कीबोर्ड हल्ली बऱ्याच मॉडेलांत वरच्या पॅनेललाच पक्का केलेला असतो. बॅटरीची जागा ठरलेली असते. ४२ वॉट-अवरच्या बॅटरीची बॉडी असेल तर त्यात ६० ची बसेलच असं नाही. एसएसडीचं, म्हणजे डेटा साठवायच्या पट्टीचं, मात्र सोपं आहे. मागचं झाकण काढलं, एक स्क्रू सोडला, जुनी काढली, नवी लावली.

रॅम या दोन्हीच्या मध्ये येते आणि फसगत होते ती तिथंच. एक प्रकार असा की दोन स्लॉट असतात, पट्ट्या काढा-घाला. दुसऱ्यात थोडी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आणि जोडीला एक स्लॉट. तिसऱ्यात सगळीच सोल्डर केलेली. एलपीडीडीआर असं लिहिलेलं दिसलं तर जवळपास नेहमी तिसराच प्रकार समजा. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर येते, १६ किंवा ३२ जीबी. घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत.

दुकानात मशीन चालू असेल तर स्वतः बघा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली "फॉर्म फॅक्टर" दिसेल. पुढं एसओडिम असेल तर पट्टी स्लॉटमध्ये आहे. "रो ऑफ चिप्स" असेल तर सोल्डर केलेली आहे. त्याच्या वर "स्लॉट्स यूज्ड" असतं, पण तो आकडा काही मशीनवर चुकीचा येतो, त्याच्यावर एकट्यावर जाऊ नका. खात्रीचा कागद म्हणजे त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. लेनोवोचं पीएसरेफ म्हणून साइट आहे, मॉडेल नंबर टाकला की किती रॅम सोल्डर केलेली, स्लॉट किती, एसएसडी कुठल्या लांबीची बसते हे ओळीनं लिहिलेलं असतं. एचपी, डेलची मॅन्युअलंही नेटवर मोफत आहेत. दुकानदाराकडून "आय फाइव्ह, सोळा, पाचशे बारा" एवढं ऐकून पैसे देऊ नका. बॉक्सवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या. एकाच नावाखाली चार-चार प्रकार असतात आणि फरक त्या शेवटच्या अक्षरांत असतो.

हुतात्मा_वाले

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी पुण्यात आयटीत आहे, मूळचा सोलापूरचाच. दोन गोष्टी जोडतो.

एक, रॅमच्या भावाबद्दल. वर्षानुवर्षं सगळे सांगायचे की कंपनीकडून ८ जीबी घ्या, बाहेरून ८ ची पट्टी टाका, पैसे वाचतात. २०२५ च्या शेवटापासून हा हिशेब मोडला आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी इतकी उचलली की कारखान्यांनी माल तिकडं वळवला आणि किरकोळ बाजारात भाव चढले. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळं आता कंपनी ८ वरून १६ करायला किती घेते आणि तीच पट्टी बाजारात त्या दिवशी कितीला आहे, हे दोन्ही आकडे समोर ठेवूनच ठरवा. तुमच्या कामाला १६ च्या खाली जाऊ नका. टॅली, ब्राउझरच्या वीस टॅब, व्हॉट्सॲप आणि डिझाइनची एखादी मोठी फाइल एकदम उघडली की ८ जीबी पुरत नाही.

दोन, १६ ची एकच पट्टी आणि ८-८ च्या दोन पट्ट्या यात फरक आहे. दोन असल्या की मेमरीकडं जायला दोन वाटा मिळतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा फायदा सगळ्यात जास्त, कारण ग्राफिक्स तीच रॅम वापरतं. इंटेलच्या ११ ते १३ व्या पिढीत तर एकाच पट्टीवर मशीन चाललं की आयरिस एक्सई असं नावसुद्धा येत नाही, नुसतं यूएचडी ग्राफिक्स दाखवतं. तरीही दोन स्लॉटच्या मशीनमध्ये कंपनी १६ ची एक पट्टी देत असेल तर तीच घ्या. एक स्लॉट मोकळा राहतो, भाव उतरले की दुसरी टाका.

विजापूररोड

मी पण कॉम्प्युटरलाच आहे, तिसऱ्या वर्षाला. ताई, भावाला विचारा की कार्ड नेमकं कशाला पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात जावा, पायथन, डेटाबेस, वेब, यातल्या कशालाच लागत नाही. अँड्रॉइडचा एम्युलेटर रॅम खातो, कार्ड नाही. मशीन लर्निंगला लागतं हे खरं, आणि तिथं एनव्हिडियाचंच लागतं कारण बहुतेक सगळं कुडा या एनव्हिडियाच्याच सॉफ्टवेअरवर चालतं. पण शिकण्यापुरतं गुगल कोलॅबवर ग्राफिक्स फुकट मिळतं, आमची अर्धी बॅच तेच वापरते.

आणि कार्डचं फक्त नाव बघून चालत नाही. आरटीएक्स ४०५० लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत येतं. नाव तेच, काम वेगळं. गेमिंग मशीनचं वजन बहुधा दोन किलोच्या पुढं, चार्जरची वीट वेगळी.

टेरीटॉवेल

भावाला विचारलं. गेम आणि "पुढं लागेल" ही दोन कारणं सांगितली. पुढं लागेल तेव्हा बघू.

आय सेव्हनचं काय? दुकानदार त्यावर अगदी ठाम होते. आणि डिझाइनसाठी स्क्रीनचं मला खरंच कळत नाही, सगळ्याच फुल एचडी आहेत.

हुतात्मा_वाले

आय सेव्हनबद्दल एकच उदाहरण बघा. आय फाइव्ह १३३५यू आणि आय सेव्हन १३५५यू. दोन्हींत कोअर १०, त्यातले मोठे २ आणि छोटे ८. कमाल वेग एकाचा ४.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ५.०. ग्राफिक्स थोडं जास्त. टॅलीत आणि एक्सेलमध्ये हा फरक तुम्हाला हातात जाणवणार नाही, आणि त्या फरकाच्या पैशात स्क्रीन आणि वॉरंटी दोन्ही येतात.

नंबराच्या शेवटचं अक्षर जास्त सांगतं. यू म्हणजे १५ वॉटच्या आसपासचा, गार राहणारा, बॅटरी पुरवून वापरणारा. एच म्हणजे ४५ वॉटचा, दमदार पण तापणारा. १३४२०एच हा आय फाइव्हच, त्यात मोठे कोअर ४. तुमच्या कामाला यू पुरेसा आहे.

एएमडी घेत असाल तर रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा बघा. तो आतली रचना सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ ची रचना. ७५३०यू म्हणजे झेन ३. ७५४०यू म्हणजे झेन ४. तिन्ही "रायझन ५, ७००० मालिका" म्हणून शेजारी शेजारी मांडलेले असतात. ७५२०यू तुमच्यासाठी नकोच, त्यात रॅमही सोल्डर केलेलीच येते. इंटेलनंही नावं बदललीत. "अल्ट्रा" नसलेला कोअर ५ १२०यू नवा वाटतो, आतून तो १३ व्या पिढीचाच सुधारलेला अवतार आहे. वाईट नाही, भाव मात्र त्या हिशेबानं द्या.

कोपायलट प्लस हा मायक्रोसॉफ्टचा एआय लॅपटॉपचा शिक्का हवा म्हणून जास्त पैसे घालू नका. त्याला ४० टॉप्सचा एनपीयू (एआयच्या कामासाठीचा प्रोसेसरचा भाग; टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप) आणि १६ जीबी रॅम ही अट आहे. तुमच्या रोजच्या कामात त्या एनपीयूला आज काही काम नाही.

शेडकार्ड

स्क्रीनबद्दल मी लिहितो, कारण माझं पोट यावर चालतं. चादर आणि टॉवेलची डिझाइनं करतो.

फुल एचडी म्हणजे फक्त ठिपके किती ते. रंग किती दाखवते हा वेगळाच आकडा असतो आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. स्पेसिफिकेशनच्या कागदावर "४५ टक्के एनटीएससी" असं दिसलं (एनटीएससी, एसआरजीबी ही रंगांच्या आवाक्याची मापं) तर ती स्क्रीन एसआरजीबीच्या साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवते. "७२ टक्के एनटीएससी" किंवा "१०० टक्के एसआरजीबी" असेल तर काम होतं, हे दोन्ही जवळपास एकच. या किमतीतल्या बऱ्याच लॅपटॉपवर ४५ वालीच स्क्रीन येते, आणि कंपनीच्या साइटवर ऑर्डर करताना स्क्रीनच्या पायरीवर चांगलीचा पर्याय बहुधा थोड्या पैशांत असतो. ताई, सगळ्या पायऱ्यांत तुमच्यासाठी हीच पायरी सगळ्यात मोलाची.

आपल्या धंद्यात काय होतं बघा. ४५ वाल्या स्क्रीनवर लाल रंग विटकरीकडं झुकतो. मरून टॉवेलला लाल बॉर्डर असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. मग तुम्ही फाइलमध्ये लाल आणखी भडक करता. समोरच्या पार्टीकडं चांगली स्क्रीन असते, तिच्या डोळ्यांत तो लाल खुपतो. फिरोजी आणि आकाशीची हीच गत. नेव्ही ब्लूवर काळी डॉबी बॉर्डर टाकली तर ती बॉर्डर स्क्रीनवर शोधावी लागते.

दुकानात जाताना अशीच एक डिझाइन फाइल पेनड्राइव्हवर न्या. मरूनवर लाल, नेव्हीवर काळी. सोबत खरा टॉवेल पण न्या. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून तीच फाइल उघडा, दोन्हींचा ब्राइटनेस पूर्ण करा, नाइट लाइट बंद आहे का बघा. टॉवेल दोन्हींच्या मधे धरा. पाच मिनिटांत तुमचं तुम्हाला कळेल. नंतर मान जरा खाली-वर करून बघा. स्वस्त टीएन पॅनेल असेल तर वरून एक रंग, खालून दुसरा. आयपीएस लिहिलेलं असेल तर हा त्रास फारसा नाही.

ब्राइटनेस २५० निट्स असेल तर शेडच्या दाराजवळच्या उजेडात दिवसा डोळे ताणावे लागतात. ३०० च्या वर घ्या, ४०० मिळाली तर फारच छान. १९२० गुणिले १२०० ची, म्हणजे १६:१० ची उंच स्क्रीन मिळाली तर एक्सेलच्या तेवढ्याच जास्त ओळी दिसतात, डिझाइनलाही बरी पडते.

ओलेड सुंदर दिसते, पण तुमच्याकडं टॅलीचा तोच तो पडदा दिवसभर उघडा असतो. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की ओलेडवर त्याचा डाग बसण्याचा धोका असतो. तुमच्या वापराला मी चांगली आयपीएसच सांगेन.

हे सगळं करून शेड शेवटी लॅब डिपवर (रंगवून बघायच्या नमुन्यावर) आणि पॅन्टोनच्या कापडी शेड कार्डावरच पास होते, ते कुठलीच स्क्रीन टाळू शकत नाही. चांगल्या स्क्रीनमुळं डिप परत परत करावी लागत नाही, आणि तो खर्च तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

टेरीटॉवेल

शेडकार्ड दादा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मरून-लालची भानगड आमच्याकडं अगदी अशीच झालीय, पार्टीनं फोटो परत पाठवून विचारलं होतं की हा कुठला लाल. आम्ही डाइंगवाल्यालाच बोल लावत होतो.

अजून एक विचारते. आमचं ऑफिस लूमच्या शेडला लागूनच आहे. एसी फक्त वडिलांच्या केबिनमध्ये. उन्हाळ्यात लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतो. नवीन घेताना यासाठी काय बघायचं?

जुनीमिल

हे सोलापूरसाठी फार महत्त्वाचं आहे आणि कुठल्याही जाहिरातीत येत नाही. बहुतेक लॅपटॉपच्या कागदावर वापराचं कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडला लागून त्याहून जास्त. आत येणारी हवाच गरम असेल तर पंखा काय गार करणार? मग प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तुम्ही ४५ वॉटचा एच प्रोसेसर घेतला आणि तो दुपारी बारा ते चार अर्ध्या दमावर चालला तर ते पैसे गेले कुठं? म्हणून यू.

दुसरा शत्रू तूस. माझ्याकडं यंत्रमागाच्या शेडमधले लॅपटॉप येतात. मागचं झाकण काढलं की वरवर सगळं स्वच्छ दिसतं, पंख्याच्या पात्यांवर थोडी धूळ, बस. पंखा उचलला की खरं कळतं. पंखा आणि हीटसिंकच्या बारीक जाळीच्या मधे करड्या तुसाची पट्टी बसलेली असते, घट्ट, चेपलेली. चिमट्यानं एक टोक धरलं की अख्खी एका तुकड्यात निघते आणि खाली जाळी नवी असल्यासारखी चमकते. हवा त्या जाळीतून जायलाच वाट नसते. पंखा म्हणूनच ओरडत असतो. लोकांना वाटतं लॅपटॉप जुना झाला, विकून टाकतात.

म्हणून घेताना मागचं झाकण साध्या स्क्रूंचं आहे का बघा. काही मॉडेलांत स्क्रू रबरी पायांखाली चिकटवून लपवलेले असतात, ते दर वेळी उघडायचं म्हणजे वैताग. झाकण उघडल्यानं वॉरंटी जाते का हे कंपनीला ईमेलवर विचारून ठेवा, उत्तर लेखी असू द्या. तुमच्या जागेला वर्षातून दोनदा सफाई पाहिजे, एक उन्हाळ्याच्या आधी. हवेचा फवारा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो उलटा जोरात फिरून खराब होतो. रोजच्या वापरात लॅपटॉप स्टँडवर ठेवा, टेबलावर टॉवेल अंथरून त्यावर ठेवू नका. हे मी टॉवेलच्या कारखान्यात बऱ्याचदा बघितलंय.

बॅटरीचं पण याच्याशीच नातं आहे. उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज या दोन्हींनी लिथियम बॅटरी लवकर दमते. दिवसभर चार्जर लावून बसणार असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांनी दिलेली आहे, पहिल्याच दिवशी ती चालू करा. ऑर्डरमध्ये मोठ्या बॅटरीचा पर्याय असेल तर घ्या, एकदा घट सुरू झाली तरी हाताशी उरतं.

आणि अर्थिंग. पत्र्याच्या बॉडीच्या लॅपटॉपवर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. चार्जर बीआयएसची खूण असलेलाच वापरा.

भवानीपेठ

मी अकाउंट्सची कामं करतो. हार्डवेअरचं वर आलंच आहे, धंद्याच्या बाजूनं थोडं.

मॅकबुक कुणी सुचवलं तर टॅलीप्राइम फक्त विंडोजवर चालतं हे ध्यानात ठेवा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, पण ते आर्म प्रकारचे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचे. साधी सॉफ्टवेअरं त्यावर चालून जातात. डिजिटल सिग्नेचरचा टोकन, जुना प्रिंटर, डिझाइन सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली), यांचा ड्रायव्हर आर्मसाठी बनवलेला नसेल तर ते चालत नाहीत. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखलं नाही की काय धावपळ होते ते मी दर महिन्याला बघतो. इंटेल किंवा एएमडीच घ्या. पूर्वीच्या आकाराचे यूएसबी पोर्ट निदान दोन असू द्या, टोकन आणि डोंगल एकाच वेळी लागतात. लॅनचं पोर्टही असलं तर बरं. नमपॅड असलेला कीबोर्ड घ्या, टॅलीत दिवसभर आकडे मारणाऱ्याला त्याशिवाय जमत नाही. म्हणजे १५.६ किंवा १६ इंच.

विंडोज होम की प्रो? घरून ऑफिसच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपनं यायचं असेल तर ऑफिसच्या मशीनवर प्रो लागतं. आत्ता नको असेल तर होम घ्या, नंतर पैसे भरून त्याच मशीनवर प्रो करता येतं.

ऑफिस सोबत येत असेल तर ते वर्षाचं वर्गणीवालं आहे की कायमचं हे विचारा. कायमचं असेल तर पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं सुरू कराल त्याला ते कायमचं जोडलं जातं. दुकानातल्या मुलाच्या किंवा कामावरच्या माणसाच्या ईमेलनं करू नका. फर्मचा ईमेल वापरा.

बिल फर्मच्या नावानं, जीएसटीआयएनसह. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट मिळतं. ऑनलाइन मागवताना पेमेंटच्या आधी जीएसटी नंबर टाकायचा रकाना असतो, तो चुकला की मागाहून बिल बदलून घेताना नाकी नऊ येतात. भाऊ पण वापरतो म्हणालात, तर धंद्याच्या वापरापुरत्या क्रेडिटचं काय करायचं ते सीएंना विचारून घ्या.

टेरीटॉवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दुकानं फिरले, फाइल आणि टॉवेल घेऊन. फरक खरोखर डोळ्यांना दिसला. वडिलांना पण दाखवला, त्यांनी तर स्क्रीन बघूनच सांगितलं की हीच घे.

आता कंपनीच्या साइटवर असं ठरवलंय: यू प्रकारचा आय फाइव्हच्या दर्जाचा प्रोसेसर, १६ जीबीची एकच पट्टी आणि एक स्लॉट मोकळा (मॅन्युअलमध्ये बघून खात्री केली), १६ इंची १०० टक्के एसआरजीबी स्क्रीन, मोठी बॅटरी, ५१२ ची एसएसडी. १ टीबीला कंपनी फार घेते. वॉरंटी तीन वर्षांची, घरी येऊन करणारी. पिनकोड टाकून बघितला, सोलापूर दाखवतंय. बजेटच्या थोडं वर गेलं, पण ठीक आहे.

५१२ घेतली तर चूक नाही ना? आणि जुन्या लॅपटॉपमधली रॅम आणि एसएसडी यात टाकता येईल का?

कडकभाकरी

एक नंबर ताई. घरी येऊन करणारी वॉरंटी घेतली हे लई चांगलं केलं.

विजापूररोड

भावाला सांगा, ग्राफिक्सचं नाही तर निदान रॅमचा दुसरा स्लॉट त्याच्या नावावर करून ठेवलाय!

जुनीमिल

५१२ बरोबर आहे. एसएसडी नंतर बदलता येते, म्हणून तिथं हात आखडता घेतला ते योग्यच. ती एनव्हीएमई जोडणीची असल्याची खात्री करा, जुन्या साटा जोडणीची नको. साटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीची साडेतीन हजारांपर्यंत जाते. चौथ्या पिढीची सात हजारांपर्यंत, पण तुमच्या कामात तिसऱ्या-चौथ्याचा फरक कळणार नाही. पुढं मोठी घेताना टीएलसी प्रकारच्या मेमरीची बघा, क्यूएलसीची स्वस्त असते पण सतत लिहिण्याला कमी टिकते. आणि दुसरी एसएसडी बसवायची जागा असेल तर लांबी बघून घ्या, २२८० ची (८० मिमी) जागा आहे की २२४२ ची (४२ मिमी).

जुनी रॅम बसणार नाही. तुमच्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ असेल, नव्यात डीडीआर५. खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला जाऊ नका. जुनी एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घाला, टॅलीच्या बॅकअपला कामाला येईल. साटाची आहे की एम.२ ची ते बघून डबी घ्या.

मशीन आलं की खोका उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, सील आणि सीरियल नंबर दिसू द्या. चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये रॅम, प्रोसेसर आणि एसएसडी ऑर्डरप्रमाणं आहे का ते पडताळा. स्क्रीन पूर्ण पांढरी, मग पूर्ण काळी करून मेलेला ठिपका आहे का बघा. तक्रार करायची मुदत थोड्या दिवसांचीच असते, त्यामुळं डेटा हलवायच्या आधी हे उरका.

नवीन विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते. पुढं बायोस अपडेट केला किंवा बोर्ड बदलला तर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते, पहिल्याच आठवड्यात उघडून कागदावर उतरवा आणि फर्मच्या फाइलीत लावून ठेवा.

टेरीटॉवेल

ऑर्डर टाकली. जीएसटी नंबर टाकला, बिल फर्मच्या नावानं आहे. बनवून पाठवणार असल्यानं दोनेक आठवडे लागतील असं दाखवतंय. शेडकार्ड दादा, आला की तुमच्याकडची ती नेव्हीची फाइल पाठवाल का? आमच्या स्क्रीनवर आणि तुमच्या स्क्रीनवर एकच दिसते का बघायचंय.

शेडकार्ड

नक्की. नेव्हीसोबत मरून, फिरोजी आणि बाटली हिरवा असे चार शेड पाठवतो, फाइल एसआरजीबीत सेव्ह करून. बघताना दोन्हीकडं ब्राइटनेस सारखा ठेवू आणि खिडकीचा उजेड स्क्रीनवर येऊ देऊ नका. जुळलं तर पुढची सॅम्पलं ईमेलवरच बोलू.